बँडवाल्याची खूण

१

जहाज पाचला सुटणार होतं. पावणेचार वाजता धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसून मी जॅकेटच्या चोरखिशाचं बटण काढलं आणि आत हात घातला. हाताला घडी लागली. बाहेर काढून पाहिलं तर सहलीचं माहितीपत्रक. आठ घड्या घालून बरोबर वहीच्या मापाचं केलेलं.

वही नव्हती.

बाकीचे खिसे पाहिले. पाकीट होतं, चष्म्याचं घर होतं, जहाजाचं कार्ड होतं. कोणी एका गोष्टीलाही हात लावला नव्हता. फक्त वही काढली होती, तिच्या जागी हा कागद ठेवला होता आणि वरून बटण लावलं होतं.

माझी नोकरी काय होती ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी चौतीस वर्षं एका बसस्थानकावर हरवले-सापडलेच्या खिडकीत बसलो. छत्र्या, डबे, चपला, एकदा एक तबला आणि एकदा एक जिवंत ससा. वस्तू हरवलेल्या माणसाला सगळे विचारतात, शेवटचं कुठे पाहिलंत. मी वेगळं विचारायचो: तेव्हा तुमच्या दुसऱ्या हातात काय होतं? छत्री विसरते तेव्हा दुसऱ्या हातात बाळ असतं किंवा भांडण करून आलेल्या नवऱ्याची पिशवी असते. या प्रश्नावर बरेच लोक चिडायचे आणि मग त्यांना आठवायचं.

आमच्या खिडकीचा फॉर्म होता. पुढच्या बाजूला वस्तू, कुठे सापडली, कधी, शेरा आणि खाली सह्या. मागच्या बाजूला एकच रकाना: खूण. खूण मागे लिहायचं कारण असं की खिडकीबाहेरच्या माणसाला पुढचं वाचता येतं. निळी छत्री सापडली हे कोणीही वाचेल. तिच्या मुठीला दोरा गुंडाळलाय हे फक्त मालक सांगेल. त्यामुळे मालक समोर उभा राहिल्याशिवाय फॉर्म उलटायचा नाही, हा नियम. मला घरी जेवतानासुद्धा कागद उलटायच्या आधी समोर कोण आहे ते बघायची सवय लागली होती. बायको हसायची.

मग ऑफिसने नवे फॉर्म छापले आणि जुने गठ्ठे टाकायला काढले. मी ते घरी आणले. बायकोने गोधडीच्या दोऱ्याने त्यांची वही शिवली आणि त्यात पक्षी लिहायला सुरुवात केली. पहिला फॉर्म मला अजून तोंडपाठ आहे. वस्तू: कावळा. कुठे: स्वयंपाकघराच्या खिडकीत. शेरा: स्वतःच स्वतःचा मालक, कोणी नेणार नाही. खूण: डाव्या पायाचं एक नख मोडकं.

दर रविवारी आम्ही बसस्थानकामागच्या तळ्यावर जायचो. ती थर्मासमधला चहा झाकणात ओतायची, मला झाकण द्यायची आणि स्वतः थर्मासमधून प्यायची. पक्षी दिसला की फॉर्म भरायची. पेन्सिल इतकी दाबायची की मागच्या बाजूला बोटाला अक्षर लागायचं. मी म्हणायचो, अगं, लिहितेस की कोरतेस? ती म्हणायची, तुमच्या ऑफिसचा कागद आहे, त्याला सवय आहे.

तेवीस वर्षांत एक पक्षी राहिला. समुद्रातला. पुस्तकातलं त्याचं नाव जिभेला झेपत नाही. काळा कोट, पांढरं पोट आणि चोच अशी रंगीत की पितळी वाद्य तोंडात धरल्यासारखी. ती त्याला बँडवाला म्हणायची. त्याच्यासाठीच आम्ही हे जहाज ठरवलं होतं. तिच्या दवाखान्यामुळे ते तीन महिने पुढे ढकललं. आणि मग ती राहिली नाही.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तिने एक फॉर्म भरला, पाकिटात घातला, पाकीट डकवलं आणि वहीच्या शेवटच्या पानाला शिवून टाकलं. पाकिटावर लिहिलं, "बँडवाला दिसला की उघडा." आठ महिने ते पाकीट मी नुसतं चाचपत होतो.

आज दुपारी दीड वाजता ते उघडलं होतं. वाचलं मात्र नव्हतं.

आणि आता ते चोरीला गेलं होतं.

२

सहलीला आम्ही चार जण होतो, शिवाय गाइड आणि होडीवाला.

माझ्याबरोबर मेव्हणी होती. एकसष्ट वर्षांची आहे, पण सगळं घर तिला धाकटी म्हणतं, म्हणून मीही धाकटी म्हणतो. दुसरं तिकीट वाया जाऊ नये म्हणून ती आली होती. जहाजावर तिची खोली माझ्या खोलीपासून दोन मजले खाली, आणि दर सकाळी ती वर येऊन माझ्या शर्टाची बटणं बरोबर लावली आहेत का ते बघायची.

तिसरे एक निवृत्त मास्तर. खांद्यावर तीन पायांची लांब दुर्बीण. चौथी एक टोपीवाली बाई, जिची टोपी होडीत तिच्याआधी बसली.

गाइडचं नाव मी पहिल्या पाच मिनिटांत ‘हमखास’ ठेवलं. कारण त्याचं प्रत्येक वाक्य तसंच सुरू व्हायचं.

"हमखास सील दिसणार! ते बघा, डावीकडे! पोट वर करून झोपलाय!"

सगळे डावीकडे झुकले. होडीही झुकली. मास्तरांनी दुर्बीण लावली आणि शांतपणे म्हणाले, "त्याच्या पोटावर कंपनीचं नाव आहे."

तो टायर होता.

"पाणी असं असलं की फसायला होतं," हमखास म्हणाला. "पण देवमासा हमखास! तो बघा फवारा!"

तेव्हा होडीवाला दिवसभरात एकदाच बोलला. "नळ आहे तो. मासळी धुतात तिकडे."

टोपीवाल्या बाईने तरी नळाचा फोटो काढला. "नातवंडांना काय कळतंय," ती म्हणाली.

धाकटी माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊजी, ताई असती ना, तर तिने टायरचा फॉर्म भरला असता."

"वस्तू: टायर," मी म्हणालो.

"शेरा: मालक फरार," धाकटी म्हणाली, आणि आम्ही दोघे हसलो. मला आठवतंय, कारण त्याआधी कधी हसलो होतो ते आठवत नव्हतं.

मग होडी एका खडकाला वळसा घालून गेली आणि हमखास उभाच राहिला. "आता मात्र बघा! बोललो होतो की नाही?"

खडकाच्या माथ्यावर पाच बँडवाले ओळीत बसले होते. काळे कोट, पांढरी पोटं, नारिंगी चोची उन्हात चमकत होत्या. अगदी पुस्तकातल्यासारखे. सहावा एक त्यांच्यात घुसून बसला होता, मळक्या तोंडाचा, बारीक राखाडी चोचीचा. तो डुलत डुलत या टोकाहून त्या टोकाला जायचा, एकेकाच्या चोचीला चोच लावायचा आणि कोणी दाद देत नाही म्हणून पुढे सरकायचा.

"तो आजारी दिसतोय बिचारा," टोपीवाली बाई म्हणाली.

"तो वेगळा आहे," मास्तर म्हणाले. "कुठलातरी भुरा पाणपक्षी. आगंतुक."

मी त्या पाचांकडे बघत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, वरून समुद्राचे तुषार, चष्मा पार धुरकट झाला. चोरखिशातून वही काढली, पाकीट फाडलं, फॉर्म धाकटीच्या हातात दिला. "वाच गं. मला काही दिसत नाहीये."

तिने फॉर्म पाहिला. जरा वेळ पाहिला. मग घडी घालून पाकिटात ठेवला, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

"अक्षर पुसट आहे, भाऊजी. किनाऱ्यावर बसून वाचा तुम्ही. निवांत."

मी वही परत चोरखिशात ठेवली. हे मास्तरांनी पाहिलं आणि हमखासनेही पाहिलं. सव्वादोनला आम्ही धक्क्यावर आलो, चहा प्यायलो. हात खारट झाले होते, म्हणून जॅकेट शेडमधल्या खुंटीला अडकवून मी मागच्या मोरीवर गेलो. परत येऊन जॅकेट घातलं, खिसा वरून चाचपला. भरलेला होता. एक तास मी त्या माहितीपत्रकावर हात ठेवून धक्क्यावर फिरत होतो, जहाजात शिरण्याआधी कुठे निवांत वाचत बसावं ते बघत.

३

चोर वस्तू नेतो आणि जागा रिकामी सोडतो. चौतीस वर्षांत माझ्या खिडकीवर कापलेले खिसे आले, उसवलेल्या पिशव्या आल्या. पण चोरी करून खिसा पुन्हा भरलाय आणि बटण लावलंय असं एकदाही पाहिलं नव्हतं. ज्याने केलं त्याला माझा हात रिकामा पडू द्यायचा नव्हता. निदान लगेच तरी.

होडीवाला होडीतून उतरलाच नव्हता. राहिले चौघे.

मी आधी मास्तरांकडे गेलो. होडीत त्यांनी दोनदा वही मागितली होती. "एक दिवस द्या, उतरवून घेतो आणि परत करतो," म्हणाले होते. आणि मी मोरीवर गेलो तेव्हा ते त्या खुंटीपाशीच, समुद्राकडे तोंड करून उभे होते.

"माझी वही गेली," मी म्हणालो.

"मग मी चोर का?"

"तसं म्हणालो नाही. मी हात धुवायला गेलो तेव्हा तुमच्या एका हातात चहा होता. दुसऱ्या हातात काय होतं?"

"ही." त्यांनी दुर्बीण दाखवली. "ही मी खाली ठेवत नाही. एकदा गच्चीवर ठेवली होती, तर घरच्यांनी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले."

चोरखिशाचं बटण अस्तराच्या आत आहे. ते काढायला दोन हात लागतात. चहावाल्याला विचारलं, तोही म्हणाला, हे गृहस्थ दुर्बीण कवेत घेऊन दोन कप प्यायले, दोन्ही वेळा थोडा चहा सांडला. लेंग्यावर डाग होतेच.

"आणि मी ती वही घेऊन काय करू?" मास्तर अजून रागात होते. "मला पक्ष्यांच्या नोंदी हव्या होत्या. लाकडाच्या नोंदी नकोत."

"लाकडाच्या?"

त्यांनी जीभ चावली. कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"तुम्हाला नाही कळलं?" ते म्हणाले. "अहो, ते पाचही लाकडाचे होते. अर्धा तास बघत होतो, एकाने मान हलवली नाही. मधल्याच्या पाठीला खिळा आहे."

मी खडकाच्या दिशेने वळून पाहिलं.

"होडीत सांगणार होतो," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "पण तुम्ही रडत होता. तीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या मी, पण कुठे गप्प बसायचं ते कळतं."

४

हमखास धक्क्याच्या कडेला लाइफ जॅकेटं धुऊन दोरीवर टाकत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"लाकडाचे आहेत?"

त्याने आधी माझ्या मागून आलेल्या मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हातातलं जॅकेट पिळत बसला.

"सहा वर्षांपूर्वी ठेवलेत साहेब. फसवायला नाही, शपथ. भाऊबंद बसलेले दिसले की खरे उतरतात. त्यांना वाटतं जागा बरी आहे. आधी इथे एकही येत नव्हता. आता हंगामात खडक दिसत नाही इतके असतात."

"आणि आत्ता?"

"आत्ता..." त्याने मान खाली घातली. "आत्ता हमखास नाहीत. महिना झाला, सगळे समुद्रात गेले. पण जहाजं येतात, माणसं विचारतात. मी काय दाखवू? टायर?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. तेवीस वर्षं राहिलेला पक्षी, तो बघायला मी तिच्याशिवाय आलो आणि बघितलं काय, तर रंगवलेलं लाकूड. आणि त्या लाकडासाठी तिचं पाकीट फोडलं.

आता वही कोणी का घेतली असेल याचं एक कारण तर समोरच दिसत होतं. वहीवाला माणूस पक्ष्यांबद्दल लिहितो. तो जहाजावर जाऊन चार जणांना सांगेल. हमखासची सहल बंद पडेल.

"माझी वही घेतलीस का?" मी विचारलं.

"वही?" तो दचकला. "साहेब, धक्क्याला लागल्यापासून मी इथेच आहे. हे बघा."

त्याने हात पुढे केले. दोरखंडाच्या डांबराने तळवे काळे झाले होते आणि कोपरापर्यंत पाणी निथळत होतं. मी खिशातलं माहितीपत्रक काढलं. कोरडं, स्वच्छ, घड्या नखाने दाबून सरळ केलेल्या. त्या हातांनी हे झालं नव्हतं.

"हे तुमचंच ना?"

"हो. पण आज कोणाला मिळालं? मी टेबलावर गठ्ठा ठेवला होता, चहा संपायच्या आत गायब. टोपीवाल्या बाईंनी सगळा उचलला."

चार वाजून गेले होते. टोपीवाली बाई जहाजाच्या जिन्याकडे निघाली होती. मी आयुष्यात फार कमी वेळा पळालो आहे. त्या दिवशी पळालो.

"मॅडम! एक मिनिट!"

"अगंबाई, काय झालं?"

"तुम्ही माहितीपत्रकं घेतलीत का?"

तिने पिशवी छातीशी धरली. "फुकट होती ती. मला सात नातवंडं आहेत. एकाला आणलं आणि दुसऱ्याला नाही असं केलं तर घरात राहू देणार नाहीत."

"घ्या हो, सगळी घ्या. मला एवढंच सांगा, त्यातलं कोणाला दिलंत का?"

"एकच दिलं. तुमच्याबरोबरच्या बाईंना. म्हणाल्या, मला वाचायचंय." बाईने टोपी सावरली. "द्यायला जीवावर आलं, पण त्यांचा चेहरा बघून दिलं. त्या रडत होत्या की काय हो?"

५

धाकटी काही वाचत नाही. औषधाच्या बाटलीवरचंही वाचत नाही, मला विचारते. जहाजावर पहिल्या दिवशी सुरक्षेचं पत्रक वाटलं, त्याने तिने वारा घेतला.

आणि मला उशिरा का होईना, दुसरी गोष्ट कळली. ती होडीतच कळायला हवी होती. धाकटी म्हणाली होती, अक्षर पुसट आहे. माझ्या बायकोचं अक्षर कधी पुसट नव्हतं. दवाखान्यातसुद्धा तिने पेन्सिलीची दोन टोकं मोडली होती, मी स्वतः खाली जाऊन नवी पेन्सिल आणली होती.

ती धक्क्याच्या टोकाला बसली होती, पाय खाली सोडून, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. मी शेजारी बसलो.

"चोरखिसा कोणी शिवला गं?"

"ताईने."

"आणि तिने शिवला तेव्हा अस्तर कोणी धरलं होतं?"

ती खडकाच्या दिशेला बघत राहिली. "मी."

"दे."

तिने पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. मग बोलायला लागली ती थांबेचना.

"मी फेकणार नव्हते, भाऊजी. एक-दोन दिवसांनी देणारच होते. काहीतरी कारण काढून, कॉटखाली सापडली म्हणून. तुम्ही होडीत हसलात. आठ महिन्यांनी हसलात हो! टायरवर हसलात, मग ते पक्षी बघून रडलात, पण कसं, सुटल्यासारखं. आणि मी तुम्हाला ते वाचून दाखवू? वाचा ना, काय लिहिलंय ताईने. वाचा."

मी चष्मा पुसला. फॉर्म काढला. काळं, ठसठशीत अक्षर.

वस्तू: बँडवाला. कुठे: रिकामं. कधी: रिकामं. शेरा: "आपल्याला उशीर होणार आहे. तुम्ही जाल तेव्हा हंगाम संपलेला असेल. रंगीत चोच हंगामापुरतीच असते, मग गळून पडते. कोणी रंगीत चोच दाखवली तर ऐकू नका, तो खरा नाही."

"बघितलंत?" धाकटी म्हणाली. "तिला आधीच माहीत होतं. तिथे होडीत मला एका क्षणात कळलं, ते खोटे आहेत. आणि तुम्ही तारीख लिहायला निघालेले. तुम्हाला वही उघडू द्यायची नव्हती, एवढंच सुचलं मला. खिसा रिकामा लागला तर तुम्ही घाबराल, म्हणून कागद घातला. दर दोन मिनिटांनी चाचपता तुम्ही. मला दिसतं."

मी फॉर्म हातात धरून बसलो होतो. बोटांना मागून काहीतरी टोचत होतं. पुढच्या ओळींच्या खालीही, जिथे पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथेही कागद खडबडीत होता.

"मागचं वाचलंस?"

"मागचं? मागे काय असतं?"

घरातल्या कोणाला मी कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसची गोष्ट होती ती. फक्त बायकोला माहीत होती.

मालक समोर असल्याशिवाय फॉर्म उलटायचा नाही. मी क्षणभर थांबलो. मग उलटला.

खूण: "चोच बारीक, राखाडी. गाल मळके, तोंड न धुता आल्यासारखे. कोट आणि पोट मात्र तेच. डुलत चालेल. डोळ्यामागे एक रेघ, सुरकुतीसारखी. बँड संपल्यावर वर्दी उतरवून घरी निघालेला माणूस दिसतो ना, तसा. त्याच्याकडे कोणी बघणार नाही. तुम्ही बघा. धाकटीला दाखवा, तिला लांबचं चांगलं दिसतं."

मी मोठ्याने वाचत होतो हे मला वाचून संपल्यावर कळलं. धाकटीने तोंडावर हात ठेवला होता.

"सहावा," ती म्हणाली. "भाऊजी, तो सहावा! आजारी!"

६

मास्तरांना हाक मारावी लागली नाही. ते पाठीमागेच उभे होते, आणि त्यांच्या मागे हमखास, ओले हात झटकत. ऐकत होते सगळे. जहाजाच्या जिन्यावरून टोपीवाली बाईसुद्धा परत आली होती.

मास्तरांनी दुर्बीण खांद्यावरून उतरवली आणि तिचे तीन पाय धक्क्याच्या फळ्यांवर रोवले. खाली ठेवली. मग डोळा लावला, खडक शोधला आणि भिंग फिरवत राहिले.

"रेघ आहे," शेवटी म्हणाले. "डोळ्यामागे. मी भुरा पाणपक्षी म्हणालो होतो. तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी."

"दोन आठवडे झाले तो तिथे येतोय," हमखास म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मी त्याला हाकलायचो हो. म्हटलं, चित्र बिघडवतो."

मी डोळा लावला. पाच लाकडी भाऊबंद ओळीत, नारिंगी चोची चमकत. त्यांच्यात तो. मळके गाल, बारीक चोच. डुलत एकापाशी गेला, चोचीला चोच लावली, थांबला. वाट बघितली. मग दुसऱ्यापाशी गेला. मला वाटलं, बाबा रे, मला माहीत आहे हे कसं असतं.

"हटा ना भाऊजी, मला दाखवायला सांगितलंय ताईने," धाकटी म्हणाली आणि मला कोपराने बाजूला केलं. तिने बघितलं. "अगंबाई, हा तर अगदी तुमच्यासारखा दिसतो. सकाळी बटणं चुकीची लावून येता तेव्हा."

मी पुन्हा डोळा लावला तेव्हा तो खडकाच्या कडेला आला होता. पाचांकडे एकदा वळून बघितलं आणि उडाला. पंख फार घाईत हलत होते. जरा वेळ पाण्यालगत गेला, मग उघड्या समुद्राकडे, आणि मग दुर्बिणीत नुसतं पाणी राहिलं.

"गेला?" टोपीवाल्या बाईने विचारलं. "आजारी होता ना?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला निघायला उशीर झाला होता."

जहाजाचा भोंगा वाजला. धाकटी वाकून उभी राहिली आणि तिच्या पाठीवर फॉर्म ठेवून मी तो भरला, वहीला लटकवलेल्या बायकोच्याच पेन्सिलीने. कुठे: खडकावर, पाच लाकडी भावांच्या शेजारी. कधी: आजची तारीख, दुपारी साडेचार.

खाली सह्यांचे तीन रकाने. नोंद करणारा, तिथे मी सही केली. साक्षीदार, तिथे धाकटीने माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली, आणि टोक इतकं दाबलं की मला बरगडीला लागलं. बहिणीच त्या.

तिसरा रकाना होता, ओळख पटवणारा. धाकटीने पेन्सिल पुढे केली. मी घेतली नाही. फॉर्म उलटला, मागचं अक्षर एकदा बोटांनी चाचपलं, तो वहीतल्या पाकिटात घालून वही चोरखिशात ठेवली आणि तो रकाना तसाच सोडला. त्या जागेची सही मागच्या बाजूला बायकोच्या अक्षरात होतीच.